कम्पायलर म्हणतो, जुळत नाही



सरकारी केंद्रावर धान विकायला नोंदणी करायची म्हणजे सातबारा, आधार आणि पासबुक पुढे करावे लागते. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. माणूस समोर उभा, बांध्या त्याच्याच. तरी संगणक म्हणतो, नाव जुळत नाही. भंडारा जिल्ह्यात हे कोणाला नवीन नाही. कम्पायलरचा एक दोष नेमका याच जातीचा आहे.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कम्पायलर. मोठ्या कामात एकच फंक्शन दोन ठिकाणी येते. आधी नुसती घोषणा: नाव काय, आत काय घेणार, बाहेर काय देणार. मग दुसरीकडे व्याख्या, म्हणजे प्रत्यक्ष काम. दोन्ही एकाचीच आहेत का, हे कोणीतरी पडताळायला हवे.

सी या भाषेचे कम्पायलर सुरुवातीला ते नीटसे पडताळतच नव्हते. १९७८ साली कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक आले, तेव्हा घोषणेत आत काय जाणार हे लिहायची सोयच नव्हती. ती १९८९च्या प्रमाणित सीमध्ये आली. तरी एक भोक उरले. समजा, 'व्याज' हे फंक्शन अपूर्णांक घेते आणि दुसऱ्या फाइलीत कोणी लिहून ठेवले की ते पूर्णांक घेते. कम्पायलर एका वेळी एकच फाइल पाहतो, त्याची तक्रार नाही. पुढे फाइली जोडणारा लिंकर फक्त नाव बघतो आणि जोडून देतो. आपल्या नेहमीच्या ६४ बिटच्या संगणकात पूर्णांक एका रजिस्टरातून, म्हणजे प्रोसेसरातल्या छोट्या कप्प्यातून जातो, अपूर्णांक वेगळ्याच रजिस्टरातून. त्या दुसऱ्या रजिस्टरात आधीचे जे काही पडलेले असेल, त्याचे 'व्याज' निमूटपणे हिशेब करून देते!

सी++ या भाषेने तोडगा काढला: फंक्शन काय घेते त्याची खूण नावालाच चिकटवायची. मग पूर्णांकवाले आणि अपूर्णांकवाले 'व्याज' लिंकरच्या लेखी वेगळे. जोडणी तिथेच अडते.

खरा गुंता सी++च्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यांमध्ये आहे. तिथे प्रकार किंवा आकडा नंतर भरायचा असतो, तोवर 'टी', 'एन' अशी अक्षरे जागा धरतात. घोषणेत 'टी' आणि व्याख्येत 'यू' लिहिले तरी चालते. कम्पायलर अक्षर पाहत नाही, एकात एक असलेल्या टेम्प्लेटांपैकी कितव्या थरातले कितवे ते मोजतो. पण एकीकडे 'एन + १' आणि दुसरीकडे '१ + एन' लिहून बघा. शाळकरी पोरगेही दोन्ही एकच म्हणेल. भाषेचा नियम म्हणतो, अर्थ एक पण रूप वेगळे, तर प्रोग्राम चूक. आणि ती चूक दाखवायची सक्ती कम्पायलरवर नाही. ऐकायला दांडगाई वाटते. पण कोणत्याही दोन प्रोग्रामांचा अर्थ एकच आहे का, हे दरवेळी ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती रूपावर ओढली.

सुरुवातीला म्हटलेला दोष या रेघेच्या अलीकडे घडतो, म्हणजे रूपही तेच असताना. सी++२० या आवृत्तीत टेम्प्लेटवर अटी घालता येऊ लागल्या. क्लासच्या, म्हणजे माहिती आणि फंक्शने एकत्र बांधणाऱ्या गटाच्या आत घोषणा, बाहेर व्याख्या, अट दोन्हीकडे अक्षरशः तीच. क्लँग या कम्पायलरच्या काही आवृत्त्यांत मात्र थर मोजताना बाहेरचा क्लास एकीकडे धरला जायचा, दुसरीकडे सुटायचा. झाले, शेरा आला: व्याख्या कोणत्याही घोषणेशी जुळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरात अशा शेऱ्याला सी २२४४ हा क्रमांकच आहे. खऱ्या चुकीलाही तोच.

माझ्या मते गप्प बसणाऱ्या कम्पायलरपेक्षा खोटी तक्रार करणारा बरा. नोंदणीच्या रांगेतल्या माणसाला मात्र हे सांगायची माझी हिंमत नाही. त्याचे धान उघड्यावर असते.

कम्पायलरचा असा अभ्यास परदेशातच चालतो असे नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या खुल्या कम्पायलरचे अंतरंग शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

कॉलेजातली मुले विचारतील, 'व्याख्या जुळत नाही' असा खोटा शेरा आला तर करायचे काय? व्याख्या उचलून क्लासच्या आत, घोषणेच्याच जागी लिहायची. मग जुळवायला दुसरे काही उरतच नाही. आणि प्रोग्राम छाटत छाटत दहा-बारा ओळींवर आणायचा. तरीही दोष दिसला तर तेवढ्याच ओळी कम्पायलर करणाऱ्यांकडे पाठवायच्या. हजार ओळींची फाइल वाचायला तिकडेही कोणाला वेळ नसतो.