आवाजाला चेहरा मिळतो तेव्हा



आपण पदवीदानासाठी सिंगापुरात जमलो आहोत, म्हणून इथल्याच एका दिवसाबद्दल आधी बोलतो. 9 ऑगस्ट 1965, सोमवार. सकाळी दहा वाजता रेडिओवरची गाणी मध्येच थांबली आणि निवेदकाने गंभीर स्वरात जाहीरनामा वाचला. सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले होते. त्याच दिवशी पत्रकार परिषदेत, कॅमेऱ्यांसमोर, पंतप्रधान ली क्वान यू यांना रडू आवरले नाही. चित्रण थांबवावे लागले. प्रक्षेपणातून तो भाग गाळावा, असे त्यांना वाटत होते. इथल्या रेडिओ-दूरचित्रवाणीचे प्रमुख पी. एस. रामन यांनी मात्र तो ठेवण्याचा आग्रह धरला. वार्ताहर त्याबद्दल लिहिणारच होते. गाळला असता तर जास्त वाईट दिसले असते. ली यांनी तो सल्ला मानला. इथली दूरचित्रवाणी तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती.

पंतप्रधानांचे अश्रू ही बातमीच होती. पण सकाळी जाहीरनामा वाचणाऱ्याचा कंठ दाटून आला असता, तर देशाचे काय झाले हे बाजूला राहून लोक त्याचीच चौकशी करत बसले असते. बातमी देणाऱ्याने स्वतःला किती दाखवायचे, हा प्रश्न कॅमेरा आल्यापासून फार अवघड झाला आहे.

मुंबईत दूरचित्रवाणीचा कॅमेरा आला 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीला दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा. या केंद्राचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे ओळखले जातात. त्याआधी ते आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या वाचत. या वाटचालीकडे मी आदराने पाहतो, कारण रेडिओची शिस्त अंगात मुरल्यावर त्यांना चेहरा मिळाला.

ही शिस्त म्हणजे नेमके काय? मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. मंत्र्यांनी मागणी मान्य केली की फेटाळली, हे ऐकणाऱ्याला अगदी शेवटी कळते. तिथवर वाचणाऱ्याचा श्वास पुरला पाहिजे आणि शेवटचा शब्द पुटपुटला जाता कामा नये. ऐकणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकत नाही; म्हणून आकडा सावकाश सांगायचा, नावाआधी किंचित थांबायचे. दूर गावातल्या, न दिसणाऱ्या माणसासाठी एवढी काळजी रोज घ्यायची. त्याच्याकडून दाद लगेच मिळत नाही, तरीही घ्यायची.

दूरदर्शनवर मेहेंदळे बातम्यांपुरते राहिले नाहीत. ‘वाद-संवाद’सारख्या कार्यक्रमातून ते लोकांशी बोलू लागले. त्यांनी नाटकांत कामे केली, ‘यशवंतराव ते विलासराव’सारखी पुस्तके लिहिली आणि पुण्यात सिम्बायोसिसच्या जनसंवाद संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून तुमच्यासारखे विद्यार्थी घडवले. 2023च्या जानेवारीत ते गेले. अशा माणसाला आपण ‘दूरदर्शनचा चेहरा’ म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. समोरच्याला बोलते करणे हे आधी कानाचे काम आहे.

तुमची वाट उलटी आहे. मोबाइलमुळे चेहरा तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाला. आवाज अजून कमवायचा आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पहिली काही वर्षे जिथे कोणी तुम्हाला पाहत नाही अशी कामे मागून घ्या. रेडिओचे पहाटेचे बातमीपत्र असेल, दृष्टिहीनांसाठी पुस्तकाचे ध्वनिमुद्रण असेल, दुसऱ्याने वाचायचा मजकूर लिहून देणे असेल.

सिंगापुरात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. या शहराच्या चार अधिकृत भाषा आहेत: मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी. एकाच बातमीत तीन भाषांतली नावे येतात. अपघातात गेलेल्या माणसाचे नाव आपण चुकीचे उच्चारले, तर त्याच्या घरच्यांना ते आयुष्यभर बोचते. तेव्हा स्टुडिओत जाण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या सहकाऱ्याला गाठा, त्याच्याकडून नाव दोनदा म्हणवून घ्या, आणि मग आत जा.