शरीरसौष्ठव : आनुवंशिकतेची मर्यादा आणि औषधाचा मोह



विदर्भाला व्यायामाची परंपरा नवीन नाही. यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान क्लबची स्थापना केली. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. आज आखाड्यांच्या जोडीला तालुक्याच्या गावी यंत्रयुक्त व्यायामशाळाही आल्या आहेत. त्यांच्या भिंतीवरील पीळदार देहाच्या चित्राकडे पाहून तरुण विचारतो, "सहा महिन्यांत असे शरीर होईल काय?" या प्रश्नाचे खरे उत्तर त्याला देणे, हे शिक्षकांचे व ग्रामपंचायत सदस्यांचे कर्तव्य होय.

पहिली गोष्ट आनुवंशिकतेची. शेतात बियाणे एका वाणाचे असले तर पीक बहुधा सारखे येते. माणसांचे तसे नाही. उंची, हाडांची जाडी, खांद्यांची रुंदी, स्नायूचा मांसल भाग किती लांब व कंडरा किती, हे बव्हंशी जन्मतःच ठरलेले असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे दंडाचा एकच व्यायाम केला. काहींच्या दंडाचा आकार मुळीच वाढला नाही, तर एकाचा सुमारे ५९ टक्के वाढला. तेव्हा ज्याचे शरीर सावकाश भरते, तो आळशी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

मर्यादा म्हणजे मात्र निराशा नव्हे. बंगालचे मनोहर आइच यांची उंची पाच फुटांहूनही कमी होती. तरीही १९५२ साली त्यांनी आपल्या उंचीच्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स' हा किताब मिळविला आणि २०१६ पर्यंत, शंभरी ओलांडून, ते जगले. उंच माणसाचा देह त्यांनी मागितला नाही; जो मिळाला होता तो पूर्णत्वास नेला.

दुसरी गोष्ट औषधाची. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १९३५ साली कृत्रिम रीतीने तयार झाले. १९५८ साली डायनाबॉल ही गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. दमा अथवा सूज यांवर डॉक्टर देतात ती स्टिरॉइडे निराळी. येथे विचार स्नायुवर्धक स्टिरॉइडांचा आहे. त्यांचा काहीच उपयोग होत नाही, असे तरुणांना सांगण्यात अर्थ नाही. कारण ते खरे नाही आणि तरुणांना ते ठाऊक असते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ४३ पुरुष सहभागी होते. दहा आठवड्यांत नुसता व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो वाढले. व्यायाम न करता मोठ्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे सुमारे तीन किलो, तर दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे सहा किलो वाढले. याचाच अर्थ असा की, औषधाने घडलेल्या देहाशी आपली तुलना करणारा प्रामाणिक तरुण कधीच न जिंकता येणारी शर्यत धावत असतो.

या वाढीची किंमत मोठी आहे. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक निर्माण करणे थांबविते; वृषणे आक्रसतात व वंध्यत्व येऊ शकते. छाती स्त्रीसारखी वाढू शकते. रक्तातील हितकर कोलेस्टेरॉल घटते, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांमुळे यकृतास इजा पोहोचते. औषध सुटल्यावर मिळविलेला आकारही बराचसा ओसरतो. वाढत्या वयात तर हाडांची वाढ अकाली थांबून उंची खुंटते. पोलीस भरतीत पुरुषांसाठी साधारणतः १६५ सेंटिमीटर उंची आवश्यक असते आणि परीक्षा होते ती १६०० मीटर व १०० मीटर धावण्याची आणि गोळाफेकीची. दंडाच्या घेरास तेथे गुण नाहीत. भरतीसाठी इंजेक्शन घेणारा किशोर आपल्याच हाताने भरतीचे दार लावून घेतो.

मग वास्तव ध्येय कोणते? पहिल्या वर्षी काही किलो स्नायू, पुढे त्याहून मंद गती. आणि तुलना चित्राशी नव्हे, तर स्वतःच्या गतवर्षाशी. नियमित वजन उचलणाऱ्यास दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणास दिवसाला सुमारे ९६ ग्रॅम. जिल्ह्यात कापसाच्या ओळींमध्ये पिकणाऱ्या तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, हरभरा, सोयाबीन, दूध, अंडी व पुरेशी झोप यांतून ही गरज भागू शकते.

शाळेत व ग्रामसभेत हा विषय उघडपणे निघाला पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ही औषधे विकणे नियमबाह्य आहे. अशी विक्री आढळल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. ज्याने इंजेक्शने घेतली असतील त्याला दटावू नये. सोबत करून शासकीय रुग्णालयात न्यावे. लपविण्याची वेळ न आलेला तरुणच वेळेवर उपचारास येतो.