याच्यापुढं काय असते?



दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की आपल्या वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायचे, आठवतं? त्या बाकांवरची मुलं ढ नव्हती. त्यातल्या एका मैत्रिणीला गणितात नेहमी माझ्यापेक्षा जास्त गुण असत. तिच्या परवानगीनेच सांगते आहे.

दहावीनंतर मी वर्ध्याला प्रवेश घेतला, तिने घेतला नाही. मुलींना बारावीपर्यंत फी माफ होती, त्यामुळे प्रश्न फीचा नव्हता. माझे वडील शिक्षक. अर्ज कुठे मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून कसा काढायचा, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कोणती, हे आमच्याकडे जेवताना बोललं जायचं. तिच्या घरी हे सांगणारं कुणी नव्हतं. "मॅट्रिक तं झाली पोरगी, आता याच्यापुढं काय असते?" असं तिच्या बाबांनी मला विचारलं होतं. मी हसले होते. त्यांनी माहिती मागितली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या वर्ध्यातच २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण तिने सुचवलं, डॉ. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. हातांनी केलेल्या कामाला शाळेत मान मिळावा, हा त्यामागचा विचार. मात्र कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या बापाला पोरानं शेतीतून सुटावं असंच वाटत आलं. त्यालाही दोष देता येत नाही. मूल किती मोठं स्वप्न पाहणार, हे घरच्यांनी काय भोगलं आणि काय पाहिलं यावर बरंच ठरतं. घरी नसलेली माहिती शाळा देऊ शकते. आपल्यापैकी कित्येकांना ती सरांनी, बाईंनी दिली, म्हणून आज आपण इथे आहोत.

आता अर्ज मोबाईलवर भरतात. पण कोणती शाखा, कोणता दाखला, कोणतं वसतिगृह, हे सांगणारं माणूस अजूनही लागतं. म्हणून एक विनंती: दरवर्षी निकालाच्या आठवड्यात आपल्यापैकी पाच-सहा जणांनी या शाळेत येऊन बसावं. ज्यांच्या घरून कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्या मुलांच्या आईबाबांना आधी बोलवावं आणि ते विचारतील त्याचं नीट उत्तर द्यावं.

माझी ती मैत्रीण आज समोर बसली आहे. तिची धाकटी यंदा बारावीला आहे. पहिला अर्ज आम्ही दोघी मिळून भरणार आहोत.