घाटरस्ता आणि आपोआप गिअरची मोटार



मोटारीविषयीं बोलण्यासाठीं नभोवाणीनें एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाला कां बोलवावें, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. तो माझ्याहि मनांत आला होता. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाची पदविका घेतली आणि सारी नोकरी मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेली. यंत्राशीं माझा संबंध सायकलीच्या साखळीपलीकडे कधीं गेला नव्हता. परंतु गेलीं कांहीं वर्षें मी आंजर्ल्यास राहून आपोआप गिअर बदलणारी मोटार चालवीत आहें, आणि तेवढ्या अवधींत एक क्लच जाळून व एकदां घाटांत ब्रेक गमावून जें ज्ञान मिळविलें, तें इतरांना फुकट मिळावें एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम आमच्या रस्त्याची कल्पना देतों. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंचीवर आहे आणि आंजर्लें अगदीं समुद्राला लागून. म्हणजे बाजारहाटाला दापोलीस गेलेल्या माणसाला परततांना हे ८०० फूट कोठें तरी उतरावे लागतातच. आसूदचा उतार, मग हर्णै, मग खाडीवरचा पूल. पूर्वीं ही खाडी तरीनें ओलांडावी लागे. पूल झाल्यापासून गाड्या थेट गांवांत येतात, आणि कासवांच्या महोत्सवाच्या दिवसांत तर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. गांवांत शिरल्यावर कड्यावरच्या गणपतीचा चढ आहेच. सपाट रस्ता म्हणून आमच्याकडे फारसा नाहीं.

२०१९ सालीं माझ्या डाव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. डॉक्टरांनीं क्लच दाबण्याची मनाई केली, तेव्हां मुलानें बिनक्लचची गाडी घेऊन दिली. विकणारा तरुण मोठा आर्जवी होता. "काका, यांत कांहीं बघावें लागत नाहीं. डीवर टाका आणि निघा!" सपाट प्रदेशांत हें वाक्य बव्हंशीं खरें आहे. मला तें फार महागांत पडलें.

आपोआप गिअरची मोटार हा एकच प्रकार नव्हे, हें मला पुष्कळ उशिरा कळलें. जुना प्रकार तेलाच्या जोरावर चालणारा. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर वाऱ्याच्या झोतानें दुसराहि फिरूं लागतो. तसें येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. तेलाचा उपयोग करणारा आणि गिअर आपोआप बदलणारा 'हायड्रामॅटिक' नांवाचा गिअरबॉक्स अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं विक्रीस आणला. दुसरा प्रकार आपल्याकडील बेताच्या किंमतीच्या गाड्यांतला. त्यांत गिअरबॉक्स नेहमींचाच, क्लचहि नेहमींचाच. फक्त क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम संगणकाच्या हुकमानें एक यंत्र करतें. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडींतून हा प्रकार आपल्याकडे रूढ झाला. माझी गाडी याच जातीची. तिसऱ्या प्रकारांत गिअरच नसतात, दोन कप्प्यांवरून पट्टा फिरतो. चौथ्यांत दोन क्लच असतात. आपली गाडी यांपैकीं कोणत्या जातीची, हें प्रत्येकानें तिच्या माहितीपुस्तिकेंतून एकदां तरी वाचून घ्यावें. घरांतल्या माणसाची प्रकृति वाताची कीं पित्ताची हें आपण जाणतोंच कीं नाहीं?

आतां मुद्द्याचा प्रश्न. या गाड्यांत बहुधा हातानें गिअर बदलण्याचीहि सोय असते. दांडा बाजूला ओढला कीं तेथें अधिक आणि उणें अशीं दोन चिन्हें दिसतात; कांहीं गाड्यांत सुकाणूच्या मागें दोन पाकळ्या असतात. हातानें गिअर बदलल्यास गिअरबॉक्स अधिक टिकतो काय? एक पक्ष म्हणतो, सदैव हातानेंच बदलावा. दुसरा म्हणतो, त्या चिन्हांना हात लावूं नये, यंत्र बिघडेल. माझ्या मतें दोघेहि चुकतात. गिअरबॉक्सचें आयुष्य खातें ती मुख्यतः उष्णता. घर्षण वाढलें कीं उष्णता वाढते. तेल असेल तेथें तें करपतें, कोरडा क्लच असेल तेथें तो झिजतो. सपाट रस्त्यावर यंत्र आपल्यापेक्षां सफाईनें गिअर बदलतें. तेथें उगाच अधिक-उणें करीत बसणें म्हणजे क्लचला जास्तीची झीज देणें होय. परंतु घाटांत गोष्ट उलटी होते, आणि तिचें कारण साधें आहे: यंत्राला रस्ता दिसत नाहीं.

यंत्राला चाकांची गति कळते, इंजिनाच्या फेऱ्या कळतात, तुमचा पाय किती दाबला आहे तें कळतें. नव्या कांहीं गाड्यांना चढ-उताराचाहि अंदाज येतो. पण पुढें वळण आहे, वळणाआडून एस. टी. येत आहे, आणि त्यानंतर लगेच खडी चढण आहे, हें फक्त तुम्हांस दिसतें. चढावर वळण आलें कीं आपण पाय किंचित् उचलतों. यंत्र समजतें, काम हलकें झालें. तें तिसरा गिअर घालतें. वळण संपून आपण पुन्हां पाय दाबला कीं तें गोंधळून दुसऱ्यावर येतें. पुन्हां वळण, पुन्हां तिसरा. असा दर वळणाला दोनदां क्लच घासला जातो. अशा जागीं दुसरा गिअर स्वतः लावून घाटमाथ्यापर्यंत तोच ठेवावा. यंत्राची ही घालमेल थांबते, आणि गिअरबॉक्स थंड राहतो.

उतरण्याची गोष्ट याहून गंभीर. २०२२ च्या मे महिन्यांत पुण्याहून ताम्हिणी घाटानें आम्ही घरीं येत होतों. शेजारीं मंडळी, मागें दोन नातवंडें आणि मधोमध कोंबलेलें सामान. गाडी डीवर. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं यंत्र वरचा गिअर घाली, गाडी सुसाट निघे, आणि मी ब्रेक दाबीत राहीं. निम्म्या घाटांत जळका वास येऊं लागला. "अहो, कांहींतरी करपतंय," असें मंडळींनीं म्हटलें, तेव्हां मीं ते बाहेरून आलें असेल म्हणून उडवून लावलें. पुढच्या वळणाशीं ब्रेकचें पेडल मऊ लागलें. आणखी एका वळणानंतर तें जवळजवळ तळाशीं गेलें. सुदैवानें डावीकडे खडीचा ढीग होता. हातब्रेक ओढीत गाडी त्यांत घातली. मुलांना वाटलें, आजोबांनीं गंमत केली. माझे हात मात्र बराच वेळ सुकाणू सोडीनात.

झालें होतें तें असें. सतत दाबल्यानें ब्रेक इतके तापले कीं त्यांची पकड गेली. शिवाय ब्रेकच्या नळ्यांतलें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. तें जुनें झालें कीं त्यांतील पाणी उष्णतेनें उकळतें, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलें तरी दाब चाकांपर्यंत पोंचत नाहीं. कोंकणच्या हवेंत दमटपणाला काय तोटा! तें तेल मीं गाडी घेतल्यापासून बदललें नव्हतें.

घरीं आल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो एस. टी.वर चालक आहे. अंकगणितांत त्याला मीं दोन वर्षें रडविलें होतें. सर्व हकीकत ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, ज्या गिअरांत घाट चढायचा, त्याच गिअरांत उतरायचा. तुम्हीं डीवर उतरलांत?" १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर पहिली एस. टी. धांवली; घाटांत गाडी घालणारे चालक हा नियम एकमेकांना सांगत आले आहेत. दुसऱ्या दिवशीं तो मला आसूदच्या उतारावर घेऊन गेला. उतार सुरू होण्यापूर्वींच दांडा हातगिअरवर, उणें, उणें, दुसरा. इंजिन मोठ्यानें गुरगुरलें. फेऱ्या मिनिटाला तीन हजारांवर गेल्या. मी घाबरून ब्रेक दाबणार, तोंच तो म्हणाला, "राहूं द्या, गुरुजी. तें ओढून धरतंय." आणि खरोखरच गाडी आपल्या पायांवर उतरल्यासारखी संथ उतरली; ब्रेक वळणापुरता, क्षणभर दाबायचा आणि सोडायचा.

जुन्या काळीं भरलेली बैलगाडी उतारावर येई तेव्हां गाडीवान कासरा खेचून धरी आणि बैल जूं मानेवर झेलून गाडी मागें रेटीत. इंजिन येथें बैलांचें काम करतें. हा गुरगुराट ऐकून इंजिन बिघडेल अशी भीति बाळगूं नये. तांबड्या रेघेच्या पुष्कळ खालीं तें सुखानें फिरतें. फारच खालचा गिअर मागितला तर बहुतेक गाड्या तो नाकारतात. अशा वेळीं पेट्रोलहि वाढत नाहीं. हल्लींच्या गाड्यांत गिअर लागलेला असतां ॲक्सिलरेटर सोडला कीं इंजिनाला जाणारें पेट्रोलच बंद होतें. गाडीच्या वेगानें तें फिरत राहतें. म्हणून पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर दांडा एनवर टाकणारे जे शहाणे आहेत, ते बैल सोडून गाडी लोटीत असतात, आणि वांचवीत मात्र कांहींच नाहींत. एक सावधगिरी: पावसाळ्यांत ओल्या वळणावर एकदम खालचा गिअर घालूं नये, चाकें घसरतात. तो वळणाच्या आधीं, सरळ रस्त्यावर घालावा. आणि उतार संपल्यावर दांडा पुन्हां डीवर आणावा. ज्यांच्या गाडींत अधिक-उणें नसेल त्यांनीं एल, एस किंवा बी यांपैकीं जें अक्षर असेल त्याचा उपयोग पुस्तिकेंत पाहावा.

क्लच जळाला तो याआधीं, २०२० च्या माघी चतुर्थीला. कड्यावरच्या गणपतीच्या चढावर गाड्या खोळंबल्या होत्या. गाडी मागें जाऊं नये म्हणून मी ब्रेक न दाबतां ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तिला जागच्या जागीं तोलून धरीत होतों, आणि हें कौशल्य मला फारच साधलें आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षांत क्लच अर्धवट घासत होता. दहा मिनिटांत धूर निघाला, आणि निवृत्तिवेतनाचा एक महिना कारखान्यांत गेला. चढावर थांबायचें तर ब्रेकवर थांबावें; निघतांना हातब्रेक ओढून ॲक्सिलरेटर द्यावा आणि गाडी पुढें रेटूं लागली कीं तो सोडावा. तेलाच्या जातीच्या गाडींतहि याच संवयीनें तेल तापतें. पीवर उभी करण्याचेंहि तसेंच. पी म्हणजे गिअरबॉक्समधील एक लहानसा लोखंडी अडसर. उतारावर सारी गाडी त्या अडसरावर टांगूं नये. आधीं हातब्रेक लावून गाडीचा भार त्यावर येऊं द्यावा, मग पी. माझ्यासारख्या गाडींत पी नसतो. ती गिअरांत ठेवूनच बंद करावी. आणि डीवरून आरवर जातांना चाकें पूर्ण थांबूं द्यावीं.

तेलाविषयीं थोडें. 'हें तेल जन्मभर पुरतें' असें कांहीं गाड्यांबाबत सांगतात. कोणाच्या जन्मभर, हें विचारून घ्यावें. पुष्कळ पुस्तिकांत खडतर वापरासाठीं तेल बदलण्याची निराळी, लवकरची मुदत दिलेली असते, आणि घाट, उकाडा व लहान फेऱ्या हा खडतर वापरच होय. तेल मात्र पुस्तिकेंत सांगितलेलेंच घालावें; पट्ट्याच्या जातीचें तेल वेगळें, इतरांचें वेगळें.

शेवटीं आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट. हंगामांत पाहुणे गाडी थेट वाळूंत घालतात आणि ती रुतते. मग चालक डी आणि आर, डी आणि आर असा दांडा मागेंपुढें करीत ॲक्सिलरेटर दाबीत सुटतो. चाकें आणखी खोल जातात आणि गिअरबॉक्स तापतो. त्यापेक्षां लगेच थांबून चाकांपुढची वाळू हातानें उपसावी, फळ्या घालाव्या, नाहीं तर ट्रॅक्टर बोलवावा. ट्रॅक्टरनें रस्त्यापर्यंत ओढलें तें ठीक; पण बंद पडलेली गाडी तशीच दोरानें ओढीत दापोलीस नेऊं नये. तेलाच्या जातींत आंतलें तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असतां चाकें फिरलीं कीं आंतले भाग वंगणावांचून फिरतात. ज्या चाकांना इंजिनाची शक्ति मिळते तीं उचलून, किंवा सबंध गाडीच ट्रकवर चढवून न्यावी. गेल्या हंगामांत एका गृहस्थांची गाडी अशी दोराला बांधलेली पाहून मीं त्यांना हें सांगितलें. ते म्हणाले, "काका, तुम्ही मेकॅनिक आहांत का?" मीं म्हटलें, "मास्तर आहें." त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि दोर सोडायला सांगितला.