छोट्या ट्रॅक्टरची मागची बकेट: चालवायची कशी, सोडवायची कशी

आजचा विषय देगलूरच्या आसपासच्या पोरांनी मागितलेला. घरी मिनी ट्रॅक्टर आहे, मागं खोदायची बकेट लावायची, पाइपलाइनची चारी काढायची, शेताचा चर काढायचा. ती चालवायची कशी, आणि त्याहून अवघड म्हणजे सोडवायची कशी?

आपल्याकडं मागं बकेट दिसली की ती जेसीबीच. नाव आलं जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या आद्याक्षरांवरून. भारतात त्यांचं काम 1979 ला हरियाणातल्या बल्लभगडात सुरू झालं. पण जेसीबी हे जड मशीन, खोदायसाठीच बनवलेलं. आपला 25-30 एचपीचा ट्रॅक्टर तसा नाही. त्याच्या मागं 400-500 किलोचं लोखंड लटकतं, हे ध्यानात ठेवूनच सीटवर बसा.

खोदायच्या आधी विचारा, खालून मोटारीची केबल गेलीय का, पाइप गेलाय का. मग वर बघा, तारा लोंबतायत का. बूम उभा केला की तो किती उंच जातो याचा अंदाज खाली बसून येत नाही. ट्रॅक्टर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पुढं लोडर असेल तर त्याची बकेट जमिनीला टेकवलेली. दोन्ही बाजूचे जॅक खाली करा, मागच्या टायरांवरचा भार जॅकवर येईपर्यंत. आपली काळी माती ओली असली की जॅक आत घुसतो, मशीन एका अंगाला कलतं. खाली जाड फळी टाका. दोन फळ्या स्वस्त पडतात.

खोदताना एकदम खोल घास घेऊ नका. पातळ थर, बकेट आपल्याकडं ओढत. आणि एक सवय मोडा बरं का: बकेट आडवी फिरवून माती ढकलणं, खड्ड्याची कड सपाट करणं. बूम फिरवणारे सिलिंडर त्यासाठी नसतात, पिना झिजतात, बुश ढिले होतात. उतारावर माती चढाच्या बाजूला टाका. चारी दीड मीटरपेक्षा खोल गेली की आधार दिल्याशिवाय कुणालाच आत उतरू देऊ नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती वरून दगडासारखी दिसते, पण कड सुटली की आतल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आता सोडवायचं. जागा सपाट आणि टणक हवी, शेडखाली असेल तर उत्तम, कारण पुढं सांगतो. बूम मधोमध सरळ, बकेट जमिनीवर सपाट, जॅक खाली. जॅक आणि बूमनं थोडा भार उचलला की जोडणीच्या पिना मोकळ्या होतात. पिन निघत नसेल तर घण मारू नका, भार अजून तिच्यावर आहे. पुन्हा सीटवर जाऊन जॅक जरा वरखाली करा. लिव्हर हलवायची ती सीटवरूनच. खाली उभं राहून, टायर आणि फ्रेमच्या मधे घुसून लिव्हर ओढणारे लई जण आहेत. तिथं जागा वीतभर असते, आणि फ्रेम सरकली तर माणूसच मधे.

फ्रेम सुटली की इंजिन बंद. सगळ्या लिव्हर दोन-चार वेळा इकडंतिकडं हलवा, पाइपातला दाब निघून जातो. मगच पाइप काढा. तेल कुठून गळतंय हे बोटानं चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, जखम बारीक दिसते पण बोट जाऊ शकतं. पुठ्ठा धरून बघा.

ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालणारी बकेट असेल तर ट्रॅक्टरकडचे दोन पाइप परत एकमेकांना जोडा. न जोडता इंजिन चालू केलं तर तेलाला वाट राहत नाही. दाब वाढतो, तेल तापतं, पंपाला इजा होते आणि मागची लिफ्ट उचलत नाही. मग आपण मिस्त्रीकडं जातो, आणि बिघाड काहीच नसतो. पीटीओवर वेगळा पंप असेल तर पीटीओ आणि इंजिन बंद करून पंप शाफ्टवरून काढा. पंप बकेटसोबतच ठेवा.

शेड कशाला? तर बकेटच्या पाइपात राहिलेलं तेल उन्हात तापून फुगतं. महिनाभरानं लावायला गेलं की कपलर बसतच नाही. लोक हातोडी काढतात. तसं नको. सकाळी गारव्यात, लिव्हर हलवून दाब काढून बघा, बहुतेक वेळा बसतं. कपलरला टोपण लावा, नाहीतर धूळ आत. सिलिंडरचे दांडे उघडे राहिले तर ग्रीस फासा, पावसाळ्यात गंज धरतो.

लिव्हरचे फोटो पाठवलेत काहींनी, कुठली कशासाठी ते विचारत. कंपनीगणिक फरक असतो, तुमच्या मशीनवरची चिठ्ठी बघा. पुढच्या वेळी मोकळ्या रानात तासभर सराव कसा करायचा ते बोलू.