आपल्या गाडीचा सूर कोणाचा?



बचत गटाची गाडी पापड, शेव, मसाला घेऊन निघते. भोंग्यावर आपला सूर वाजला की घरात बसलेली बाईही ओळखते, गाडी कोणाची. उद्या तोच सूर लावून कोणी हलका माल विकला, तर नाव खराब होईल आपलं. म्हणून आज आम्ही आवाजाच्या ट्रेडमार्कबद्दल सांगणार आहोत.

नावाची, चित्राची नोंद होते, तशी आवाजाचीही होते. आपल्या देशात पहिली नोंद 2008 मध्ये याहू कंपनीच्या आरोळीची झाली. 2011 मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या धूनची झाली. 2017 च्या नियमांप्रमाणे आवाज एमपी-थ्रीमध्ये, 30 सेकंदांच्या आत द्यायचा आणि सोबत त्याची स्वरलिपी जोडायची. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाच्या मालासाठी लघुउद्योगाला किंवा एकट्या व्यक्तीला 4500 रुपये, मोठ्या कंपनीला 9000. नोंद 10 वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं.

पण मागेल तो आवाज मिळत नाही. आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. हातोडीचा ठोका सगळ्याच तांबटांचा. भांडी विकायला तो एकट्याच्या नावावर होणं कठीण. जात्यावरच्या ओवीची जुनी चालही सगळ्यांची. सिनेमाची चाल तर उचलूच नका, ती दुसऱ्याची मालमत्ता असते.

मग गटाने काय करावं? सूर स्वतःचा बांधा. बाहेरच्या कोणाकडून करून घेतलात, तर हक्क गटाला दिल्याचा कागद सहीनिशी घ्या. त्यात मुदत लिहा. नाही लिहिली तर कायद्याने 5 वर्षांचीच धरतात. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, याचा ठराव बैठकीच्या वहीत आधी लिहा. गटाची कमाई एकीच्याच नावावर गेली, तर पुढे भांडणं होतात.

फीचे पैसे आज नसतील, तरी सूर कधीपासून वाजवतो याचा पुरावा ठेवा: तारखेसह रेकॉर्डिंग, जाहिरातीची बिलं, बाजाराच्या पावत्या. नोंद नसली तरी आधीपासूनचा वापर आणि झालेली ओळख दाखवून कोर्टात दाद मागता येते.

पुढच्या बैठकीत हिशेबाबरोबर हाही विषय घ्या, बहिणींनो. पापड आपल्या हातचा, तसा सूरही आपल्या गळ्यातला. दोन्हीची राखण आपणच करायची.