बाळाचे दूध कोमट करताना



व्यासपीठावरून बोलायचे ते राज्यघटनेवर, संतवाङ्मयावर, निदान हिमालयावर तरी बोलावे, अशी आपली समजूत असते. बाळाची बाटली कोमट कशी करावी हा तर माजघरातला विषय; तो इथे कशाला आणला, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट वाचता येतो आहे. माझे उत्तर एवढेच की, हा विषय शिकवायला आता माजघरात कोणी उरलेले नाही. आजी एका गावी, सूनबाई दुसऱ्या गावी, आणि मध्यरात्री रडते मूल एका हातात व बाटली दुसऱ्या हातात घेऊन उभा राहिलेला बाप. त्या बापाला विचारायचे तरी कोणाला?

एक गोष्ट प्रथमच सांगतो. पहिले सहा महिने मुलाला आईचे दूध द्यावे, आणि तेवढेच द्यावे. ते अंगावर पाजले, तर तापवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डब्यातल्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मी बाटलीची वकिली करायला उभा राहिलेलो नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले केव्हाही बरे, कारण ते घासून स्वच्छ करता येते. परंतु आई कामावर जाते, दूध काढून ठेवते, आणि घरचे माणूस ते पाजते, ही आज हजारो घरांतली वस्तुस्थिती आहे. काही मुलांना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागते. त्यांच्यासाठी हे बोलणे.

आता दूध कोमट करायचे तरी कशासाठी? पूर्ण दिवसांच्या, निरोगी मुलाला खोलीच्या उष्णतेचे दूध चालते. आईचे काढलेले दूध थंड दिले तरी अपाय होत नाही. अंगावरचे दूध ३७ अंशांच्या आसपासचे असते, मुलाला त्याची सवय असते, म्हणून गार दूध ते तोंडातून बाहेर ढकलते. हा सवयीचा भाग झाला, पचनाचा नव्हे. आजीबाईंना हे पटायचे नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. कोमट द्या, खुशाल द्या. मात्र कोमट म्हणजे कोमट.

सर्वांत सोपा उपाय कोमट पाण्याच्या भांड्याचा. त्यातले गणित मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो. एक वाटी उकळते पाणी आणि दोन वाट्या माठातले पाणी एकत्र केले, की साधारण ५० अंशांचे पाणी तयार होते. असे अर्धा लिटर पाणी पातेल्यात घ्या आणि त्यात फ्रिजमधून काढलेल्या, म्हणजे ५ अंशांच्या, १२० मिलिलिटर दुधाची बाटली उभी करा. पाणी निवत जाईल, दूध तापत जाईल, आणि दोघांची गाठ पडेल ती ४१ अंशांच्या आसपास. त्याच्या वर ते दूध जाऊच शकत नाही, मग तुम्ही दाराशी आलेल्या शेजारणीशी कितीही वेळ बोलत उभे राहा. या पद्धतीत चुकीला जागाच थोडी. मात्र एक पथ्य. वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळालाच कढत येते. ते मिसळाल तर सगळा हिशेब चुकतो. गार पाणी माठातलेच घ्या. पातेले गॅसवरून खाली घ्या, बाटलीचे तोंड पाण्याच्या वर राहू द्या, आणि पंधरा मिनिटांहून अधिक वेळ ती त्यात ठेवू नका.

मग बाटली हलकेच फिरवून दूध सारखे करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन-चार थेंब टाका. ऊन लागले तर थांबा. जवळजवळ काहीच जाणवले नाही तर ते योग्य. तळहातावर पाहू नका. भाकऱ्या थापून आणि चिमट्यावाचून भांडी उतरवून आपले तळहात राठ झालेले असतात. त्यांची साक्ष मुलाच्या टाळूसाठी ग्राह्य धरता येत नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण फुंकण्याची सोय मोठ्यांना आहे. मुलाच्या तोंडात आपण बोंडी धरलेली असते आणि त्याला नाही म्हणता येत नाही. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. तान्ह्याची कातडी तर त्याहून पातळ.

म्हणूनच मायक्रोवेव्हविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. चुलीवर भांडे आधी तापते, मग दूध. चटका हाताला बसतो आणि आपण सावध होतो. मायक्रोवेव्हमध्ये क्रम उलटा. त्या लहरी काचेला किंवा प्लॅस्टिकला फारसे तापवत नाहीत, त्या थेट दुधातल्या पाण्याला तापवतात. तेही सारखे नाही. त्यांची बहुतेक शक्ती बाहेरच्या एक-दोन सेंटिमीटरच्या थरात खर्ची पडते, आणि तापलेले दूध हलके होऊन वर चढते. हाताला बाटली गार लागते, आणि वरच्या थरात दूध पोळण्याइतके कढत असते. अशा दुधाने मुलांची टाळू भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. एवढ्या थोड्या सेकंदांची बचत मला तरी महाग वाटते. ते यंत्र पापड भाजायला उत्तम आहे.

आईच्या काढलेल्या दुधाबाबत आणखी एक घोटाळा होतो. दूध म्हटले की उकळायचे, हा आपल्या हाताला लागलेला संस्कार, आणि गाई-म्हशीच्या दुधापुरता तो बरोबरही आहे. आईचे दूध मात्र उकळू नये; त्यातली रोगांशी झुंजणारी द्रव्ये उष्णतेने निकामी होतात. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढ्यांत दान आलेले दूध निर्जंतुक करणे भागच असते, तरीही ते ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात, उकळत नाहीत. हे दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागे ठेवावे. वर साय धरल्यासारखा थर आला, तर दूध नासले म्हणून फेकू नका. फिरवले की ते मिसळते. त्या वाटीभर दुधासाठी आईने कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत कोपरा शोधलेला असतो.

पावडरीच्या दुधाचे शास्त्र निराळे. ती पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की, ती कमीत कमी ७० अंशांच्या पाण्यात मिसळावी. येथे ऊन पाणी लागते ते जंतू मारायला, पाजायला नव्हे. लिटरभर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरावे, आणि मिसळलेले दूध नळाखाली किंवा गार पाण्याच्या भांड्यात निववून, मनगटावर पाहून मगच द्यावे.

राहता राहिला थर्मास. रात्री उठायला नको म्हणून दूध कोमट करून थर्मासमध्ये भरून ठेवणारी पुष्कळ घरे आहेत. हेतू चांगला, पण दही लावताना आपण काय करतो ते आठवा. दूध कोमट करतो आणि भांडे उबेला ठेवतो. जंतूंना हवी असते ती हीच ऊब, आणि रात्रभर त्यात दह्याचेच जंतू वाढतील अशी हमी कोणी दिलेली नाही. थर्मासमध्ये नुसते उकळते पाणी भरा. काढलेले दूध फ्रिजमध्ये ठेवा, पावडर डब्यात ठेवा, आणि त्या पाण्याने ऐनवेळी काम करा.

एकदा कोमट केलेले दूध दोन तासांत संपले पाहिजे. ते पुन्हा गार करून पुन्हा तापवू नये. तळाशी दोन घोट उरले की आपला जीव कळवळतो, अन्न टाकू नये ही शिकवण आडवी येते. ते दोन घोट कढीपत्त्याच्या कुंडीत ओता, आणि बाटली लगेच धुवायला घ्या.